चिठ्ठीशिवाय मिळणारी सर्दी-तापाची औषधं: पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने घेणाऱ्यांसाठी

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणजे ते औषध निरुपद्रवीच असणार, असा आपला पक्का समज असतो. चिठ्ठी लागत नाही याचा अर्थ एवढाच, की पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत, तेवढेच दिवस आणि त्याच कारणासाठी घेतलं तर बहुतेकांना ते सोसतं. यातली एक अट मोडली की तीच साधी गोळी यकृताला, मूत्रपिंडाला किंवा पोटाला महागात पडू शकते. आणि ही अट मोडली जाते ती मुद्दाम नव्हे, तर एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात गेल्यामुळे. हा लेख बराचसा त्या एका चुकीभोवती फिरतो. नुकतेच एकटे राहू लागलेले किंवा घरातल्या आजारी माणसाकडे पहिल्यांदाच बघणारे, अशांसाठी तो क्रमाने लिहिला आहे.

आधी ठरवा, नेमका त्रास कशाचा आहे

"बरं वाटत नाही" यावर गोळी नसते. ताप आहे का, आणि असला तर किती? डोकं दुखतंय, अंग ठणकतंय, नाक वाहतंय, नाक चोंदलंय, कोरडा खोकला आहे की कफ पडतोय? यातल्या एकेका त्रासाचं औषध वेगळं आहे. जो त्रास आहे तेवढ्याचंच औषध घ्यायचं.

ताप हात लावून ठरवू नका, थर्मामीटर लावा. ३८ अंश सेल्सिअस म्हणजेच १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर त्याला ताप म्हणतात. काखेत लावलेला थर्मामीटर आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी दाखवतो, हे लक्षात असू द्या. आकडा वेळेसकट लिहून ठेवा, डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

आणखी एक गोष्ट. ताप हा शरीराने जंतूंशी लढताना स्वतःहून वाढवलेला असतो. तो दरवेळी उतरवायलाच हवा असं नाही. ३८.२ ताप आहे, पण माणूस पाणी पितोय, बोलतोय, झोपतोय, तर गोळी न घेताही चालतं. गोळी द्यायची ती अंगदुखी, अस्वस्थता कमी व्हावी म्हणून. थर्मामीटरचा आकडा ३७ वर यायलाच पाहिजे या हट्टापायी दर दोन तासांनी गोळी देणारी माणसं असतात, ती मला आजारापेक्षा जास्त काळजीची वाटतात.

पट्टी उलटी करा

गोळ्यांच्या पट्टीवर किंवा पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते सोडून द्या. त्याच्याखाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात घटक छापलेले असतात आणि प्रत्येक घटकापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. वाचायचं ते एवढंच. अक्षरं दिसत नसतील तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा.

बघायच्या गोष्टी चार: घटक कोणते, एका गोळीत किंवा ५ मिलीत ते किती मिलिग्रॅम आहेत, दोन डोसांत किती तासांचं अंतर सांगितलंय, आणि मुदत कधी संपते. तारखेत फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत औषध चालतं. पट्टी कापून घेतली असेल तर तारीख आणि घटक नेमके दुसऱ्या तुकड्यावर राहतात. कापलेला तुकडा घेण्याआधी पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवला तर पुढची अडचण टळते.

हे इतकं का सांगतोय ते एका उदाहरणावरून बघा. एकाला सर्दी आणि ताप दोन्ही आहेत. तो सर्दीची मिश्र गोळी दिवसातून चार वेळा घेतो. त्या गोळीत इतर घटकांबरोबर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे दिवसाचे झाले २०००. ताप उतरत नाही म्हणून "तापाची" ६५० मिलिग्रॅमची गोळी तीन वेळा, म्हणजे आणखी १९५०. रात्री घसा खवखवतो म्हणून गरम पाण्यात विरघळवायची पूड घेतली, तिच्यात पुन्हा ६५०. बेरीज ४६०० मिलिग्रॅम. त्याच्या दृष्टीने त्याने तीन वेगळ्या त्रासांवर तीन वेगळी औषधं घेतली, आणि तीही प्रत्येक पाकिटावर लिहिल्याप्रमाणे. यकृताच्या दृष्टीने त्याने एकच औषध घेतलं आणि दिवसाची कमाल मर्यादा ओलांडली.

म्हणून नियम असा: एका वेळी वापरात असलेल्या सगळ्या पाकिटांत पॅरासिटामॉल फक्त एकातच असावं. काही देशांत याच औषधाला ॲसिटामिनोफेन म्हणतात, तेव्हा प्रवासात घेतलेल्या किंवा कोणी परदेशातून आणून दिलेल्या पाकिटावर ते नाव दिसलं तर ते दुसरं औषध समजू नका.

पॅरासिटामॉल: पहिली निवड, पण मोजून

ताप आणि साध्या दुखण्याला पहिल्यांदा हेच. पोटाला सोसतं, रिकाम्या पोटी घेतलं तरी चालतं, आणि योग्य मात्रेत बहुतेकांना सुरक्षित आहे. मोठ्या माणसाचा डोस एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा तासांचं अंतर. २४ तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. पाकिटावर याहून कमी मर्यादा छापलेली असेल तर ती पाळायची.

४००० हा धडधाकट माणसाचा आकडा आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, रोज दारू पिण्याची सवय असेल किंवा आजारपणामुळे काही दिवस अन्नच नीट जात नसेल, तर मर्यादा खाली येते आणि ती डॉक्टरांनी किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टने ठरवावी. माझं मत विचाराल तर नवख्या माणसाने स्वतःसाठी ३००० हीच रेघ धरावी. साध्या तापाला त्याहून जास्त सहसा लागत नाही, आणि मोजणीत एखादी गोळी चुकली तरी हाताशी जागा राहते.

जास्त झालं तर आत काय होतं? पॅरासिटामॉलचा बराचसा भाग यकृत सहज निकामी करून बाहेर टाकतं. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन नावाचा यकृतातला साठा त्याला लगेच बांधून टाकतो. डोस वाढला की तो विषारी पदार्थ वाढतो, साठा संपतो आणि मग यकृताच्या पेशी मरू लागतात. यातला खरा धोका म्हणजे सुरुवातीला काही जाणवतच नाही. मळमळ, एखादी उलटी, नाहीतर तेवढंही नाही. यकृत बिघडल्याची लक्षणं एक-दोन दिवसांनी दिसू लागतात. यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे आणि तो पहिल्या आठ तासांत सुरू झाला तर उत्तम काम करतो. म्हणून "जास्त गोळ्या गेल्या, पण मला तर काहीच होत नाहीये" असं म्हणत घरी थांबायचं नसतं.

हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्यांच्यावर तसा उल्लेख असतो. त्या तोडू, चघळू किंवा कुटू नयेत, नाहीतर आठ तासांचं औषध एकदम सुटतं.

पाण्यात फसफसून विरघळणारी गोळी लवकर लागू पडते म्हणून अनेकांना आवडते. तिच्यात सोडियम भरपूर असतं, एका गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅमपर्यंत. दिवसाला आठ गोळ्या घेतल्या तर ३२०० होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला पूर्ण दिवसाच्या आहारातून २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवलं आहे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी साधी गोळीच घ्यावी.

आयब्युप्रोफेन आणि त्याचं गोत

आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन: नावं वेगळी, घराणं एक. ही सूज कमी करतात, म्हणून मुरगळलेला पाय, दातदुखी, पाळीतलं पोटदुखणं यांत पॅरासिटामॉलपेक्षा जास्त आराम देतात. पण ज्या क्रियेने सूज कमी होते, तिनेच पोटाच्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही. या घराण्यातलं एका वेळी एकच घ्यायचं. पाठदुखीला एक आणि डोकेदुखीला दुसरं, असं चालत नाही.

आयब्युप्रोफेनचा चिठ्ठीशिवायचा डोस मोठ्यांसाठी एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी, आणि दिवसाला १२०० च्या वर नाही. खाल्ल्यावर घ्या, अनशापोटी नको. सोबत भरपूर पाणी प्या.

कोणी घेऊच नये, ही यादी मोठी आहे आणि ती डोळ्यांखालून घालायलाच हवी:

- पोटात किंवा आतड्यात व्रण झालेला असेल, कधी रक्तस्राव झाला असेल
- मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल
- रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील
- पूर्वी अशा गोळीने दमा उसळला असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील
- गरोदरपणाचे २० आठवडे उलटले असतील. त्याआधीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको
- उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल

शेवटच्या मुद्द्यापाशी जरा थांबतो, कारण तिथे निरोगी माणसंही फसतात. दोन दिवस जुलाब, अन्नपाणी नाही, अंग तापलंय, आणि ताप उतरवायला आयब्युप्रोफेन. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच तोलून-सावरून चालू असतो आणि ही गोळी नेमका तोच आधार काढून घेते. अशा वेळी पॅरासिटामॉल, आणि मीठ-साखरेचं पाणी.

दुसरी सावधगिरी डेंग्यूची. डेंग्यू जिथे होतो तिथे राहत असाल किंवा तिथून नुकतेच आला असाल, तर तपासणी होईपर्यंत तापावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांतलं काहीही नको. डेंग्यूत रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप कशाचा आहे हे ठाऊक नसताना पॅरासिटामॉलवर थांबणं म्हणूनच शहाणपणाचं.

ॲस्पिरिनचं एक स्वतंत्र बंधन आहे. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास क्वचित रे सिंड्रोम होतो, ज्यात मेंदू आणि यकृत दोन्ही बिघडतात. ऑस्ट्रेलियातल्या डग्लस रे यांनी १९६३ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. १६ वर्षांखालच्या मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन द्यायचं नाही. काही देशांत ही मर्यादा १९ पर्यंत धरतात. उलट, हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी लिहून दिलेली असेल तर सर्दी-तापात ती आपल्या मनाने बंद करू नका.

दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफेनॅकचं मलम पोटाला कमी त्रास देतं, पण थोडं तेही रक्तात उतरतं. तीच गोळी आणि तेच मलम एकदम नको.

सर्दीच्या मिश्र गोळ्या

एका गोळीत तीन-चार औषधं कोंबलेली असतात: एक तापाचं, एक वाहत्या नाकाचं, एक चोंदलेल्या नाकाचं, कधी खोकल्याचं, आणि वर कॅफीन. मला ही कल्पनाच फारशी पटत नाही. नाक वाहतंय म्हणून घेतलेल्या गोळीतून नसलेल्या तापाचं आणि नसलेल्या खोकल्याचंही औषध पोटात जातं. सुटं औषध घ्या, जेवढं हवं तेवढंच घ्या.

घ्यायचीच झाली तर तिच्यात काय असतं ते असं ओळखा.

क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन: शिंका आणि वाहतं नाक थांबवतात, आणि गुंगी आणतात. घेतल्यावर गाडी, यंत्र, शिडी यांपासून लांब राहा. दारू तर नकोच, झोपेच्या गोळीबरोबरही नको. वयस्कर माणसांना यांनी गोंधळल्यासारखं होतं, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्याचा दाब वाढतो. सेटिरिझिन, लोराटाडिन यांनी गुंगी कमी येते. सेटिरिझिनने काहींना येतेच, म्हणून पहिला डोस रात्री घेऊन बघावा.

फेनिलेफ्रिन: चोंदलेलं नाक मोकळं करायला बहुतेक मिश्र गोळ्यांत हेच असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने सांगितलं, की हे औषध नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतल्यास चोंदलेल्या नाकावर त्याचा उपयोग होत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते गोळ्यांतून काढून टाकण्याचा प्रस्तावही त्या प्रशासनाने मांडला. थोडक्यात, त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

स्यूडोएफेड्रिन: हे काम करतं, पण रक्तदाब आणि ठोके वाढवतं, झोप घालवतं. रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी, हृदयरोग्यांनी टाळावं. अनेक देशांत ते मागितल्याशिवाय मिळत नाही.

कॅफीन: डोकेदुखीच्या गोळीतही सापडतं. रात्री घेतलं तर झोप गेलीच.

नाकातला फवारा आणि खोकल्याची बाटली

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब नाक मिनिटांत मोकळं करतात. म्हणूनच त्यांची चटक लागते. तीन दिवस, फार तर पाच, मग बंद. पुढे चालू ठेवलं तर औषध उतरलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, पुन्हा थेंब घालावे लागतात, आणि मूळची सर्दी संपून महिना झाला तरी बाटली उशाशी असते. मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याला असं बंधन नाही. फवारा ज्याचा त्यानेच वापरायचा, घरभर फिरवायचा नाही.

खोकल्याच्या औषधांबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. कोरडी ढास दाबायला डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कफ पातळ करायला ग्वायफेनेसिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल, एवढीच मुख्य नावं आणि त्यांचा उपयोग माफकच. नैराश्यावरची औषधं चालू असतील तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन विचारल्याशिवाय घेऊ नका, दोन्हींचा एकत्र परिणाम घातक होऊ शकतो. वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोट्युलिझम नावाच्या विषबाधेचा धोका असतो.

सर्दी विषाणूमुळे होते, अँटिबायोटिकचा तिच्यावर काही परिणाम नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या कॅप्सूल शोधू नका.

मुलांचा डोस वजनावर ठरतो

मोठ्यांची अर्धी गोळी म्हणजे मुलाचा डोस, हा हिशेब मनातून काढून टाका. पॅरासिटामॉल मुलांना दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम देतात, चार ते सहा तासांनी, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही.

१२ किलोचं मूल धरू. त्याचा डोस १२० ते १८० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असं लिहिलेलं सिरप असेल तर ५ ते ७.५ मिली द्यायचं. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असेल तर साधारण २.५ ते ३.५ मिली. आणि तान्ह्या बाळांसाठीचे थेंब अनेकदा १ मिलीत १०० मिलिग्रॅम इतके दाट असतात, त्यातले १.२ ते १.८ मिली पुरतात. सवयीने "पाच मिली" म्हणून थेंबांच्या बाटलीतून ५ मिली दिलं तर एका दमात ५०० मिलिग्रॅम गेले, डोसाच्या जवळजवळ तिप्पट. बाटली बदलली की हिशेब पुन्हा करायचा, तो याचसाठी.

मोजायला घरातला चमचा घेऊ नका. चहाच्या चमच्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत. बाटलीबरोबर आलेलं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. सिरिंज जास्त बरी: गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडता येतं आणि ठसकाही लागत नाही. सिरप आधी नीट हलवा, औषध तळाशी बसलेलं असतं. डोस दिल्यावर मुलाने लगेच सगळं ओकून टाकलं तर पुन्हा द्यायचं की नाही हे फोन करून विचारा.

आयब्युप्रोफेन मुलांना दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांनी. सहा महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन आलटून-पालटून देण्याचा सल्ला हमखास मिळतो. नवख्या पालकांनी स्वतःहून तसं करू नये. रात्री तीन वाजता कोणतं कधी दिलं हे आठवत नाही, आणि दोन माणसं आळीपाळीने जागत असतील तर एकच डोस दोनदा जातो.

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत. काही देशांत ही मर्यादा सहा वर्षांची आहे. फायदा जवळपास नाही आणि गुंगी, ठोके वाढणं, श्वास मंदावणं हे धोके खरे आहेत. सिरप घ्याल ते बिल देणाऱ्या परवानाधारक दुकानातूनच घ्या. २०२२ मध्ये गॅम्बियात डायएथिलीन ग्लायकॉल आणि एथिलीन ग्लायकॉल ही विषारी रसायनं मिसळलेल्या सिरपांमुळे मूत्रपिंडं निकामी होऊन अनेक मुलं दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेला इशारा द्यावा लागला.

तापलेल्या मुलाला बर्फाच्या पाण्याने किंवा स्पिरिटने पुसू नका. अंगावरचे जास्तीचे कपडे काढा, घोट घोट पाणी पाजा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ ताप आला तर घरी गोळी-सिरपाचा विचारच नको, सरळ डॉक्टर.

आधीपासून चालू असलेली औषधं

रोजच्या औषधांची यादी फोनमध्ये ठेवा आणि सर्दीची गोळी घेतानाही दुकानात फार्मासिस्टला दाखवा. संकोच कसला? रक्तदाबाची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि त्यात आयब्युप्रोफेन हे त्रिकूट मूत्रपिंडाला धक्का देऊ शकतं, आणि वयस्कर माणसांत ते सहज जमून येतं. मनोविकारावरचं लिथियम, संधिवातावरचं मेथोट्रेक्सेट यांच्याशीही आयब्युप्रोफेनच्या घराण्याचं पटत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर पॅरासिटामॉलसुद्धा सलग काही दिवस घेतल्याने रक्त अधिक पातळ होऊ शकतं, तेव्हा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना कळवावं. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईला योग्य मात्रेत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही सहसा चालतात, सर्दीच्या मिश्र गोळ्या विचारून.

वेळा लिहा

कागद, फ्रिजवरची चिठ्ठी, फोन, काहीही चालेल. औषध, किती, किती वाजता. २४ तास म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र नव्हे. काल रात्री दहाला आणि पहाटे दोनला घेतलेले डोस आज संध्याकाळच्या हिशेबातही धरायचे. डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही.

कधी थांबायचं, कधी दाखवायचं

ताप तीन दिवसांहून जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, तर दाखवा. साधी सर्दी आठवड्या-दीड आठवड्यात जाते, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो, त्याने घाबरू नका. पण धाप लागणं, छातीत दुखणं, मान ताठ होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, दाबल्यावर न मावळणारे लाल-जांभळे डाग, आठ-दहा तास लघवी न होणं, यांतलं काही दिसलं तर लगेच. दुखण्याच्या गोळ्या घेताना काळी डांबरासारखी शौचाला झाली किंवा उलटीत रक्त दिसलं तर गोळी बंद आणि तडक रुग्णालय. औषधानंतर ओठ-चेहरा सुजला, अंगावर फोड आले किंवा तोंड आतून सोलवटलं, तरी तेच.

डोकेदुखीची एक वेगळी गंमत आहे. महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस पॅरासिटामॉलसारख्या साध्या गोळ्या, किंवा दहा किंवा जास्त दिवस मिश्र गोळ्या, असं तीन महिने चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. मग दुखतंय म्हणून गोळी, आणि गोळीमुळे दुखणं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांवर खूण करत गेलात तर हे लवकर लक्षात येतं.

जास्त गेलं असेल तर

लक्षणांची वाट बघू नका. ओकारी काढायचा प्रयत्न करू नका. जवळच्या आपत्कालीन विभागात जा, तुमच्या भागात विषबाधा मदतवाहिनी असेल तर जाता जाता फोन करा. रिकाम्या पट्ट्या, बाटल्या, पाकिटं सोबत घ्या: कोणतं औषध, किती मिलिग्रॅमचं, किती गोळ्या आणि किती वाजता, ही चार उत्तरं तिथे उपचार ठरवतात. जाणूनबुजून घेतलं असेल तर तेही सांगा, कारण वेळ आणि मात्रा खरी कळली तरच उतारा नीट देता येतो. मुलाने बाटली उघडून किती प्यायलं ते कळत नसेल तर गेलेलं सगळं पोटात गेलं असंच धरायचं.

ठेवायचं कुठे

न्हाणीघरातल्या कपाटात नको, दमटपणाने गोळ्या खराब होतात. ॲस्पिरिनच्या गोळीला व्हिनेगरसारखा वास आला तर ती खराब होत चालली आहे, टाकून द्या. कोरडी, सावलीतली आणि मुलांचा हात न पोचणारी जागा बघा. मुलांसमोर औषधाला "गोळी-चॉकलेट" म्हणू नका. गोळ्या मूळ पट्टीतच राहू द्या, सुट्या करून डबीत भरल्या की पंधरा दिवसांनी कोणती कशाची ते सांगता येत नाही. सिरपाची आणि थेंबांची बाटली उघडली त्या दिवशीची तारीख पेनने लेबलवर लिहा, आणि उघडल्यावर किती दिवस चालते ते पाकिटावर बघून त्यानंतर उरलेलं टाकून द्या. दुकानात जुनी औषधं परत घेण्याची सोय असेल तर तिथे, नाहीतर पट्टीतून काढून कचऱ्यातल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात मिसळून, बंद पिशवीत.